धुराड्याची डागडुजी: सिमेंट की चुना?

सोलापुरात चिमणी म्हटलं की लोकांना अजून होटगी रोडच आठवतो. तिथल्या सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी विमानांच्या आड येते म्हणून वर्षानुवर्षं वाद चालला आणि 15 जून 2023 ला ती पाडली. मी बोलतोय ते कसब्यातल्या, बाळीवेशीतल्या जुन्या घरांवर अजून उभ्या असलेल्या पुरुषभर उंचीच्या विटांच्या धुराड्यांबद्दल. खाली चूल किंवा बंब पेटतो, वर विटा सुटायला लागल्यात, आणि गवंडी विचारतो, "मालक, सिमेंट मारू का?" इथेच थोडं थांबा.

मी दोन्ही केलंय. आधी सिमेंट, मग सहा वर्षांनी ते खरवडून चुना. त्यामुळे माझं मत पूर्ण निष्पक्ष आहे असं म्हणणार नाही.

सिमेंटच्या बाजूने बोलायचं तर बरंच आहे. गवंडी कुठल्याही नाक्यावर मिळतो. दोन दिवसांत काम उरकतं, आठवडाभर पाणी मारलं की झालं. दिसतंही चोख. आमच्या गवंड्याने दर्जा, म्हणजे विटांमधल्या फटी, भरून वरून गुळगुळीत गिलावा केला, तेव्हा शेजारचे काका वर बघत म्हणाले होते, "नवं बांधलं की काय?" पहिली दोन वर्षं मीही खूश होतो.

मग डाग आला.

स्वयंपाकघरात धुराड्याच्या पोटाला लागून जी भिंत आहे, तिच्यावर छताखाली चहा सांडल्यासारखा तपकिरी ओघळ. आपल्याकडे पाऊस असा सप्टेंबरातच जोर धरतो, म्हणजे नेमका महालक्ष्म्यांच्या आसपास. घर रंगवून, आरास मांडून बसावं आणि पाहुण्यांच्या डोळ्यांसमोर भिंतीवर तो ओघळ उतरावा. डिस्टेंपर मारला, पंधरा दिवसांत डाग वर. ऑइलपेंट मारला, तर त्याचेच फुगे आले. आईने डागावर कॅलेंडर टांगलं. पुढच्या वर्षी डाग वीतभर खाली आला, कॅलेंडरही वीतभर खाली आलं. चौथ्या वर्षी ते डब्यांच्या फळीला टेकलं. वास वेगळाच, दमट काजळीचा, थेट पिठाच्या डब्यांपर्यंत. गळती असती तर बादली ठेवली असती. याला काही ठेवता येत नव्हतं. खरं सांगायचं तर बाकी सगळे मुद्दे नंतर सुचले, निर्णय या डागाने घेतला.

कारण कळलं ते एका म्हाताऱ्या गवंड्याकडून. आमचं घर आजोबांच्या वडिलांनी बांधलेलं, म्हणजे पोरबंदरचा सिमेंट कारखाना 1914 मध्ये निघाला त्याच्याही आधीचं. विटा पातळ, मऊ, सांधे चुन्याचे. मे महिन्यात त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशांत तापणारं, रात्री गार होणारं, शिवाय खालून चुलीची ऊब खाणारं हे बांधकाम रोज थोडं हलतं. चुना त्याच्याबरोबर हलतो. सिमेंट हलत नाही, तडकतं. तडा केसाएवढा, पण पाणी ओढून घ्यायला तेवढा पुरतो. आत गेलेलं पाणी गिलाव्यातून बाहेर वाळत नाही, मग ते विटांतून खाली उतरतं. वाटेत वर्षानुवर्षांची काजळी आणि धुराचं डांबर विरघळवून घेतं आणि जिथे वाळायला जागा मिळेल तिथे, म्हणजे आपल्या स्वयंपाकघरात, बाहेर पडतं. सिमेंट काढलं तेव्हा त्याच्याबरोबर विटांचे पापुद्रेही निघाले. आत लोणा, म्हणजे क्षार, लागलेला.

मी वॉटरप्रूफ रंगाचं विचारलं, तर म्हातारा म्हणाला, "छत्री द्या त्याला. रेनकोट नको."

चुन्याचा त्रास मात्र लपवणार नाही. कळीचा चुना विरवताना उकळतो. हात भाजतात, डोळ्यांत उडाला तर फार वाईट, तेव्हा पोरंबाळं दूर ठेवा. दुकानात उघड्या पोत्यात पडून राहिलेला पांढरा चुना घेऊ नका, तो हवा खाऊन आधीच मेलेला असतो. आमच्या गवंड्याने एक भाग चुना, एक सुरखी (विटांची भुकटी) आणि दोन भाग धुतलेली वाळू धरली. त्यात गुळाचं पाणी घातलं ते त्याचं स्वतःचं, मी विचारलं नाही. जुना सांधा बोटभर खोल कोरायचा, ओला करायचा, मगच भरायचा. नंतर तीन आठवडे ओली गोणपाटं. उन्हाने भराभर वाळला तर चुना भुकटी होतो, म्हणून उन्हाळ्यात हे काम काढूच नये. आम्ही दिवाळी झाल्यावर काढलं आणि जानेवारीतल्या गड्डा यात्रेच्या आत संपवलं. तेवढे दिवस चूल बंद. आईच्या कडक भाकरी गॅसवर झाल्या आणि त्याबद्दल जे ऐकून घ्यावं लागलं ते वेगळं. मजुरीही जवळपास दीडपट पडली.

धुराडंच जर सत्तर-ऐंशीच्या दशकातलं, सिमेंटात बांधलेलं असेल, तर माझं ऐकू नका. तिथे सिमेंटच बरं. ओळखायला सोपं आहे: खिळ्याने सांधा खरवडा. पांढरी भुकटी पडली तर चुना, खिळा नुसता घसरला तर सिमेंट. माथ्यावरची छत्री, म्हणजे चार पायांवरची फरशी, आम्हीही सिमेंटातच बसवली. चहूबाजूंनी तीन इंच बाहेर काढली, खाली पाणी तोडायला खाच ठेवली आणि पारव्यांसाठी जाळी लावली. कुणी आतून पत्र्याचा पाईप सोडायला सांगतात. ओलसर बाभळीच्या धुरात साधा जस्ती पत्रा किती टिकेल याची मला शंका आहे, पण तो मी करून पाहिलेला नाही.

चुन्याचं काम होऊन आता तीन पावसाळे झाले. डाग अजिबात नाही असं म्हणवत नाही. भिंतीच्या कोपऱ्यात, छताला लागून, रुपयाएवढा एक आहे. वर जाऊन पाहिलं तर बरोबर त्याच रेषेत, माळवदाला, म्हणजे मातीच्या सपाट छताला, टेकलेल्या बाजूला, जुन्या सिमेंटची वीतभर पट्टी राहिलीय. विटा निघतील म्हणून गवंड्याने तेवढी सोडून दिली होती.