जीवन प्रमाण: चेहरा दाखवा, पण पीपीओ हातात ठेवा

फौंड्रीत आयुष्य काढलेल्या माणसाचा अंगठा मशीनला सहसा लागत नाही. कोल्हापूरचं उद्यमनगर असो, शिरोली असो की गोकुळ शिरगाव, वाळू आणि कास्टिंग हाताळून बोटांच्या रेषा पार झिजलेल्या असतात. त्यामुळे जीवन प्रमाण ही हयातीच्या दाखल्याची, म्हणजे पेन्शनर जिवंत असल्याचा दरवर्षीचा पुरावा ऑनलाइन देण्याची सरकारी सेवा २०१४ साली सुरू झाली असली, तरी इथल्या कामगार पेन्शनरांच्या खरी कामी आली ती २०२१ मध्ये चेहरा दाखवायची सोय झाल्यावर. सेवा फुकट आहे आणि चांगली आहे. पाचपैकी चार गुण. एक का कापला ते पुढे येईलच.

मोबाईलमध्ये दोन ॲप लागतात: आधार फेस आरडी आणि जीवन प्रमाण. पहिलं नुसतं टाकून ठेवायचं, ते मागच्या मागे काम करतं. दुसऱ्यात आधी ‘ऑपरेटर’ची नोंद होते. ऑपरेटर म्हणजे ज्याच्या हातात मोबाईल तो. मुलगा, सून, शेजारचा कॉलेजचा पोरगा, कुणीही चालतं. त्याचा आधार, मोबाईल, ईमेल, ओटीपी आणि चेहरा एकदा घेतला की त्याच फोनवरून अख्ख्या गल्लीचे दाखले निघतात. पेन्शनरकडे मात्र आधार नंबर, ओटीपी येईल असा मोबाईल, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) नंबर आणि पेन्शनचा खाते नंबर हाताशी हवा.

चेहरा घेताना उजेड चुकतो. जुन्या घराच्या सोप्यात बसवलं की मागून दाराचा उजेड येतो, तोंड काळं पडतं आणि ॲप नापास करतं. अंगणात सावलीला, साध्या भिंतीला पाठ करून बसवा. चष्मा, टोपी, फेटा काढा. मागे नातवंडांची तोंडं नकोत. चेहरा वर्तुळात बसला की सावकाश पापणी लववायची. बरेच आजोबा इथे डोळे वटारून बघत राहतात, म्हणून सारखं नापास होतं. आधारवरचा फोटो फारच जुना असेल तर आधी तो बदलून घेतलेला बरा.

आता कापलेला गुण. पेन्शन मंजूर करणारी संस्था आणि वाटप करणारी संस्था लांबलचक यादीतून निवडावी लागते, आणि तिथेच घोळ होतो. साखर कारखाना, सूतगिरणी किंवा फौंड्रीतून निवृत्त झालेल्यांची पेन्शन ईपीएस ९५ ची (कर्मचारी पेन्शन योजना १९९५), म्हणजे मंजूर करणारी संस्था भविष्य निर्वाह निधी संघटना. कारखाना नव्हे, बँकही नव्हे. हे चुकलं तरी प्रमाण आयडीचा, म्हणजे दाखल्याच्या नंबरचा मेसेज येतो आणि माणूस निर्धास्त होतो. दाखला निघणं वेगळं, तो स्वीकारला जाणं वेगळं. आठ-दहा दिवसांनी जीवन प्रमाणच्या वेबसाईटवर आयडी टाकून स्थिती बघाच. नाकारला असेल तर जुना दुरुस्त होत नाही, नवीन काढावा लागतो. स्वतःची आणि फॅमिली अशा दोन पेन्शन असतील तर प्रत्येक पीपीओचा दाखला स्वतंत्र. पुनर्विवाह किंवा पुन्हा नोकरी झाली असेल तर हे ॲप चालत नाही, दाखला कागदावरच द्यायचा.

एवढी काळजी कशासाठी? ईपीएसचा हिशोब सरासरी पगार गुणिले सेवेची वर्षं भागिले ७०, त्यात पगाराची मर्यादा १५,०००. पूर्ण मर्यादेवर २५ वर्षं सेवा झाली, वर २ वर्षांची वाढीव धरली, तरी महिन्याला ५,७८६ रुपये होतात. सप्टेंबर २०१४ आधी मर्यादा ६,५०० होती, त्यामुळे जुन्या कामगारांच्या हातात याहून कमीच पडतात. किमान पेन्शन १,००० रुपये, महागाई भत्ता शून्य. यातला एक हप्ता अडकला तर औषधांची उधारी सुरू होते. दाखला मान्य झाल्यावर थकबाकी मिळते, हे खरं. पण मेडिकलवाला तोवर थांबायला हवा ना!

ईपीएसवाल्यांना नोव्हेंबरची सक्ती नाही. वर्षात कधीही द्या, त्या दिवसापासून १२ महिने चालतो. म्हणून नोव्हेंबरच्या गर्दीत घुसण्यापेक्षा मोकळा महिना पकडावा. केंद्राच्या पेन्शनरांना नोव्हेंबर, ८० च्या पुढच्यांना १ ऑक्टोबरपासूनच. राज्य सरकारच्या पेन्शनरांनी जवळ बँक असेल तर ॲपच्या नादी लागूच नये. कोषागाराने पाठवलेल्या यादीत नावापुढे सही किंवा अंगठा केला की झालं.

गगनबावडा, शाहूवाडीकडच्या वाड्यांवर रेंज दगा देते, किंवा माणूस अंथरुणाला खिळलेला असतो. तिथे पोस्टमनला बोलवा. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेची ही घरपोच सेवा ७० रुपयांत मिळते, तिथे खातं असायची गरज नाही. ईपीएसवाल्यांसाठी हा खर्च भविष्य निर्वाह निधी संघटनेने उचलायचा करार नोव्हेंबर २०२५ मध्ये झाला आहे, तेव्हा पैसे काढण्याआधी विचारून घ्या.

राज्याच्या श्रावणबाळ योजनेचे १,५०० रुपये घेणाऱ्यांनी यात पडू नये. त्यांचं काम तहसीलमधल्या संजय गांधी शाखेत होतं.