डब्यावर '१००० वॅट', मीटरवर ९६

पुण्यातल्या एका फ्लॅटमध्ये जुन्या शू-रॅकचं केलेलं खोकं. आतून ६० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भरलेले दोन ट्रे, एकात मेथी, दुसऱ्यात कोथिंबीर. वर चिमट्याने अडकवलेला, चार लवचीक दांड्यांचा जांभळा ग्रो लाइट, म्हणजे घरात रोपं वाढवायचा दिवा. ऑनलाइन मागवलेला, डब्यावर ठळक '८० वॅट'. बाराव्या दिवशी मेथी वीतभर वाढली होती, पण दोऱ्यासारखी बारीक, फिकट, आणि सगळी एका अंगाला झोपलेली. विक्रेत्याला फोटो पाठवले. उत्तर आलं: पाणी जास्त होतंय.

पाण्याचा काही संबंध नव्हता. हा दिवा यूएसबीवर चालतो आणि सोबतच्या अडॅप्टरवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं: ५ व्होल्ट, २ अँपियर. गुणाकार १०. त्या अडॅप्टरमधून १० वॅटच्या वर काही निघूच शकत नाही, मग डब्यावर ८० छापा नाहीतर ८००. मोजल्यावर दिवा ८ वॅट घेत होता.

आता हे ८ वॅट रोपाच्या हिशेबात किती, ते बघा. रोपाला लागणारा प्रकाश मायक्रोमोलमध्ये मोजतात: दर सेकंदाला, दर चौरस मीटरवर किती पडला. पालेभाजीला रोज १६ तास साधारण २०० लागतो. असले स्वस्त दिवे एका वॅटमागे जेमतेम १ मायक्रोमोल देतात. म्हणजे ८ वॅटचे ८. खोक्याचा तळ ०.२७ चौरस मीटर, तेव्हा प्रकाशाचा थेंबही वाया न जाता सगळा पानांवर पडला तरी आकडा ३०. एवढ्या प्रकाशात मेथी मरत नाही, उजेड शोधत लांब होत जाते. म्हणूनच पहिला आठवडाभर 'काय भरभर वाढतेय' असं वाटतं.

दुसरी फसवणूक पहिलीच्या तक्रारीतून निघाली. दिवा परत घेता येणार नाही, पण '१००० वॅट'चा पॅनल घेतलात तर ३०० रुपये सूट. घेतला. तो मीटरवर ९६ वॅट निघाला. हा हजाराचा आकडा येतो कुठून? पॅनलवर १०० एलईडी चिप आहेत, प्रत्येक चिप '१० वॅटची' म्हणून विकली जाते, झाले हजार. ती चिप चालवतात मात्र १ वॅटवर, कारण त्याहून जास्त दिला तर एवढ्याशा अॅल्युमिनियमवर ती जळून जाईल. काही विक्रेते 'हजार वॅटच्या सोडियम दिव्याइतका' असंही सांगतात. तेही खरं नाही.

मोजायला प्लगमध्ये लावायचा वॉटमीटर उत्तम, पण वाचायचा तो वॅटचा आकडा. अँपियरला २३० ने गुणू नका. स्वस्त ड्रायव्हरचा (एलईडीला वीज पुरवणाऱ्या सर्किटचा) पॉवर फॅक्टर, म्हणजे व्होल्ट-अँपियरच्या गुणाकारातला खऱ्या वॅटचा वाटा, ०.५ च्या आसपासही असतो, मग गुणाकार दुप्पट येतो आणि विक्रेत्याला बोलायला जागा मिळते. वॉटमीटर नसेल तर घराचं वीजमीटर आहेच. फ्रिजसकट सगळं बंद करा, फक्त ग्रो लाइट चालू ठेवा. मीटरवरचा छोटा लाल दिवा लुकलुकतो, त्याच्या शेजारी एका युनिटला किती लुकलुकी ते छापलेलं असतं, बऱ्याच मीटरवर ३२००. दहा लुकलुकींना लागलेले सेकंद मोजा आणि ११,२५० ला त्या सेकंदांनी भागा. या पॅनलला ११७ सेकंद लागले. खरोखर हजार वॅटचा असता तर सव्वाअकरा सेकंदांत दहा लुकलुकी झाल्या असत्या. मीटरवर ३२०० ऐवजी दुसरा आकडा असेल तर ३ कोटी ६० लाखांना आधी त्या आकड्याने भागा, मग सेकंदांनी.

गंमत अशी, की ९६ वॅट या खोक्याला कमी नव्हते, उलट फार झाले. सोबतच्या कागदावर '२४ इंच उंचीवर टांगा' लिहिलेलं, आणि खोकंच दोन फूट उंच. पॅनल पानांपासून अर्ध्या फुटावर आला. चौथ्या दिवशी वरची पानं पांढुरकी पडून कडा वर वळल्या, खालची हिरवीच राहिली. वरून सुरू झालेलं असं पांढरेपण दिसलं की प्रकाश जास्त समजा. शिवाय घेतलेले सगळे ९६ वॅट शेवटी उष्णताच होतात. दार लावलेल्या खोक्यात कोथिंबीर त्या उकाड्याने धड उगवत नाही, आणि उगवली तर लवकर फुलोऱ्यावर जाते.

यापेक्षा गंभीर गोष्ट प्लगची. पत्र्याची बॉडी आणि प्लग दोन पिनांचा, म्हणजे अर्थिंग नाही. चालू असताना बॉडीला टेस्टर लावला तर पेटला. अशा काही पॅनलमध्ये वेगळा ड्रायव्हर नसतो, घरच्या २३० व्होल्ट लाइनचा करंट थेट चिपच्याच पट्टीवर फिरतो. खाली आपण रोज स्प्रेने पाणी मारणार. असा दिवा कितीही स्वस्त असला तरी वापरू नका. ड्रायव्हरवर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) आर-नंबर, म्हणजे नोंदणी क्रमांक असतो, तो 'बीआयएस केअर' अॅपमध्ये टाकला की कोणाच्या नावावर आहे ते दिसतं. नंबरच नसेल तर पुढे तपासायचं काही उरत नाही.

पॅनलच्या डब्यावर 'सॅमसंग एलएम ३०१ चिप' असंही छापलेलं होतं. ती चिप चौकोनी, ३ बाय ३ मिलिमीटर. इथे भिंगाखाली दिसल्या त्या आयताकृती, २.८ बाय ३.५ च्या, बाजारात ढिगाने मिळणाऱ्या. आणि जांभळ्या रंगाचं, म्हणजे रोपाला फक्त लाल-निळाच प्रकाश लागतो याचं, कौतुक ऐकून घेऊ नका. हिरवा प्रकाशही रोपं वापरतात हे शास्त्रज्ञ किथ मॅक्री यांनी १९७२ मध्ये २२ पिकांवर मोजून दाखवलं. पांढऱ्या उजेडात निदान मावा आणि पिवळं पान वेळेवर दिसतं.

या खोक्याला शेवटी काय लागलं? २०० मायक्रोमोल गुणिले ०.२७ म्हणजे ५४, कडांना वाया जाणारा पाव भाग धरून सुमारे ७२. चांगल्या पांढऱ्या एलईडी बोर्डाला (वॅटमागे २.५ मायक्रोमोल) ३० वॅट पुरतात. तो महाग वाटला तर घरगुती दोन फुटी एलईडी ट्यूब, १० वॅट आणि १००० ल्युमेनची (ल्युमेन म्हणजे डोळ्याला दिसणाऱ्या उजेडाचं माप). पांढऱ्या एलईडीत ७० ल्युमेनला साधारण १ मायक्रोमोल धरा, म्हणजे पाच ट्यूब झाल्या. ४५ सेंटिमीटरच्या रुंदीत नऊ-नऊ सेंटिमीटरवर बसतात, पानांपासून वीतभर वर. आतून मॅट पांढरा रंग, टायमर १६ तासांवर, महिन्याला २४ युनिट. नुसते मायक्रोग्रीन्स (कोवळेपणीच कापून खायची रोपं) हवे असतील तर तीन ट्यूब भागतात. मिरची-टोमॅटोला दुप्पट प्रकाश लागतो, त्यांचा नाद या खोक्यात सोडा. पडताळायला फोनमधलं लक्स अॅप (एका चौरस मीटरवर पडणारे ल्युमेन दाखवणारं) चालेल: पानाच्या उंचीवर १४,००० च्या आसपास दिसायला हवं. जांभळ्या दिव्याखाली मात्र तो आकडा निरर्थक असतो.

पॅनलचे पैसे परत मिळाले, पण सहज नाही. विक्रेत्याचं म्हणणं, '१००० हा मॉडेलचा नंबर आहे'. डबा उघडल्यापासून मीटर वाचेपर्यंतचा सलग व्हिडिओ होता, जाहिरातीच्या पानाचा स्क्रीनशॉट होता. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवल्यावर रक्कम आली. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात द्यावं लागतं, हे मेलमध्ये लिहिलेलं बरं असतं.

चिमट्याच्या दिव्याचे पैसे मात्र गेले. परत करायची मुदत सात दिवसांची होती, आणि मेथी झोपली बाराव्या दिवशी.