स्टोइक फिलॉसॉफीचं वर्कशॉप, इंदूर: ठीकठाक
राजवाड्याजवळ झालं. (स्टोइक म्हणजे जुन्या ग्रीस-रोममधली एक विचारधारा.) एपिक्टेटसचा भाग मस्तच, गुलामीत वाढलेला माणूस सांगतो की आपल्या हातात फक्त आपली मतं, इच्छा आणि वागणं, बाकी शरीर, पैसा, नाव काहीच नाही, आणि सरांनी तेच ऑफिसातल्या अप्रेजलला लावून दाखवलं तेव्हा सगळे गप्प! (गीतेतला स्थितप्रज्ञ कोणीतरी काढलाच, आपली मंडळी जमली की ते व्हायचंच.) पण मार्कस ऑरेलियस पार उरकला. अहो, इ.स. 161 ते 180 रोमचा बादशहा, युद्ध आणि रोगाची साथ चालू असताना स्वतःसाठी ग्रीकमधे नोंदी लिहायचा, हे नको का सांगायला? न्याय, समाजासाठीचं कर्तव्य यावर तर वर्कशॉपमधे अक्षर नाही. फी जरा जास्तच, पोहे चांगले होते. नवख्यांनी जावं, थोडंफार वाचलेल्यांनी स्किप करा.