खोली एक, क्षेत्रफळं तीन: त्रयस्थ इंजिनिअरकडून करून घेतलेल्या मोजणीचा अनुभव

आधी गुण सांगून टाकते. मोजणी आणि निःपक्षपातीपणा, पाचपैकी पाच. अहवालाची भाषा, दोन. वेळ पाळणं, तीन. एकूण चार देतेय, कारण ज्यासाठी बोलावलं होतं ते झालं. घराच्या मागे वाढवलेल्या खोलीच्या शेवटच्या बिलावरून आमचं आणि कंत्राटदाराचं पार फाटलं होतं, ते कोर्टाची पायरी न चढता मिटलं. नाव कंत्राटदाराचंही देणार नाही आणि इंजिनिअरचंही नाही. सेवा कशी चालते आणि कुठे कमी पडते, तेवढं लिहिते.

मी हिशेब तपासणीस आहे. लोकांची बिलं तपासून पोट भरते. त्यामुळे एक आकडा वर आणि एक आकडा खाली दिसला की मला मधली पायरी पाहिल्याशिवाय चैन पडत नाही. कंत्राटदाराच्या शेवटच्या बिलात मधली पायरीच नव्हती. क्षेत्रफळ, दर, एकूण, वजा आधी दिलेले, बाकी. खाली 'एक्स्ट्रा काम' म्हणून चार ओळी. विचारलं तर उत्तर एकच, "मॅडम, मार्केटमध्ये असंच मोजतात."

मार्केटमध्ये कसं मोजतात हे सांगायला त्रयस्थ माणूस हवा होता. ही सेवा देणारे इंजिनिअर वादातल्या दोन्ही बाजूंची लेखी संमती घेतल्याशिवाय येत नाहीत आणि फी दोघांकडून निम्मी-निम्मी घेतात. ही अट मला पहिल्या दिवसापासून आवडली. एकट्या मालकाने नेमलेल्या तज्ज्ञाचा अहवाल कंत्राटदार वाचतसुद्धा नाही, 'तुमचाच माणूस' म्हणून बाजूला सारतो. इथे त्याचेही पैसे गुंतले होते. शिवाय इंजिनिअर एकाच बाजूशी फोनवर बोलत नाहीत. माझ्या नवऱ्याने एकदा सहज म्हणून फोन केला तर त्यांनी "जे असेल ते लिहून पाठवा, प्रत त्यांना जाईल" एवढंच सांगून ठेवून दिला. नवरा दुखावला. मला बरं वाटलं.

आता क्षेत्रफळ. करारात लिहिलं होतं, 'बांधकामाच्या क्षेत्रफळावर अमुक दर'. खोली आतून 12 बाय 14 फूट, कोपऱ्यातलं छोटं बाथरूम धरून. म्हणजे 168 चौरस फूट, जी जागा आम्ही वापरणार ती. पण दोन्ही बाजूंना आणि मागे 9 इंची भिंती आहेत, चौथी बाजू जुन्या घराची. भिंती धरल्या की तीच खोली साडेतेरा बाय पावणेपंधरा होते, 199 चौरस फूट. आणि स्लॅब तिन्ही बाजूंना दीड फूट बाहेर काढलेला आहे. स्लॅबच्या कडेपासून कडेपर्यंत टेप धरला तर साडेसोळा बाय सव्वासोळा, 268. आमच्या डोक्यात पहिला आकडा नव्हता, दुसरा होता. बिलात तिसरा होता. दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना रक्कम तिसऱ्या हिश्शाहून जास्त फुगते, आणि कोणी खोटं बोललेलं नसतं.

मोजणीच्या दिवशी टेपचं एक टोक कंत्राटदाराच्या मिस्त्रीच्या हातात आणि दुसरं माझ्या हातात दिलं. इंजिनिअर फक्त आकडा वाचत होते आणि मोठ्याने म्हणत होते. प्रत्येक आकडा लिहिला की तिथल्या तिथे दोघांची सही. स्लॅबची जाडी बाहेरच्या कडेला पट्टी लावून घेतली, चार इंच भरली. साधी गोष्ट आहे, पण त्यामुळे नंतर 'मोजमापच चुकलंय' हे म्हणायची सोय कोणालाच उरली नाही. भांडण राहिलं ते फक्त कोणतं माप धरायचं याचं.

तो प्रश्न त्यांनी ज्या प्रकारे सोडवला, त्यासाठी मी पाच गुण दिले. त्यांनी स्वतःचं मत आधी दिलं नाही. कंत्राटदाराची जुनी बिलं मागितली. प्लिंथपर्यंतचं, म्हणजे जोत्यापर्यंतचं काम झाल्यावर त्याने जे पहिलं रनिंग बिल (काम चालू असताना लावायचं बिल) लावलं होतं, त्यात क्षेत्रफळ त्यानेच 199 धरलं होतं. आम्ही तेवढे पैसे दिले होते, त्याने तेवढे घेतले होते. "करारात व्याख्या नाही, पण तुम्ही दोघांनी वागून ती ठरवली आहे," असं म्हणून त्यांनी दर 199 लाच लावला. मात्र बाहेर आलेला स्लॅब फुकट झालेला नाही, हेही त्यांनी धरलं. वरचे 69 चौरस फूट, चार इंच जाडी, म्हणजे 23 घनफूट काँक्रीट. ते सळई आणि सेंटरिंग (काँक्रीट ओतायला खालून लावतात तो साचा) धरून वेगळी बाब म्हणून मांडलं. कंत्राटदाराला पूर्ण दराने जे मिळालं असतं त्यापेक्षा बरंच कमी, आम्ही द्यायला तयार होतो त्यापेक्षा जास्त. मला तो हिशेब बरोबर वाटला. मधली पायरी दिसत होती.

एक्स्ट्राच्या चार ओळींतली मोठी ओळ पायाची होती. खोदल्यावर खाली जुना भराव लागला, विटांचे तुकडे, राडारोडा. अशा मातीवर फुटिंग, म्हणजे कॉलमखालचा काँक्रीटचा रुंद पाया, बसवलं तर नवीन बांधकाम खाली बसतं आणि जुन्या घरापासून तुटतं, म्हणून पक्क्या थरापर्यंत आणखी अडीच फूट जावं लागलं. हे काम खरं होतं. कंत्राटदाराने माझ्या दिराला फोन करून सांगितलं होतं आणि दीर म्हणाले होते, "करा." लेखी काही नाही. आम्ही म्हणत होतो, लेखी नाही तर पैसे नाहीत. इंजिनिअरांनी मिस्त्रीच्या मोबाइलमधले फोटो मागवले. खड्ड्यात टेप सोडलेला, आकडा दिसतोय, शेजारी राडारोड्याचा थर दिसतोय, तारीख आहे. "काम झालंय, गरजेचं होतं, घरच्यांना माहीत होतं," असं नोंदवून त्यांनी ते मान्य केलं.

पण परिमाण कापलं. बिलात चार खड्डे 6 बाय 6 फुटांचे धरले होते. वाढीव अडीच फुटांचे 360 घनफूट. नकाशात फुटिंग 4 बाय 4 चं, त्या हिशेबाने 160. आम्ही अर्थातच 160 वर बसलो होतो. इंजिनिअर म्हणाले, भरावाच्या मातीत खड्डा सरळ कापून उभा राहत नाही, कडा ढासळतात, माणसाला आत उतरून काम करायला जागा लागते. त्यांनी चारही बाजूंनी सहा-सहा इंच सोडून 5 बाय 5 धरलं, 250 घनफूट. दुसरी दुरुस्ती याहून महत्त्वाची. कंत्राटदाराने खड्ड्याच्या वाढीव अडीच फुटांसाठी फुटिंगच्या काँक्रीटचाच दर लावला होता. फुटिंग खाली गेलं म्हणून जाड झालं नाही, फक्त त्याच्यावरचा कॉलम अडीच फुटांनी लांब झाला. तेव्हा वाढीव खोदाई, वाढीव कॉलम आणि परत माती भरून धुमसणं, एवढ्या तीनच बाबी. हा मुद्दा माझ्यासारख्या आकडे बघणाऱ्या बाईलासुद्धा सुचला नसता.

जुन्या भिंतीचं प्लास्टर ही एक्स्ट्राची दुसरी ओळ. 12 बाय 10 फूट म्हणून 120 लावलं होतं, दरवाजाचे साडेचोवीस वजा न करता. साडेपंच्याण्णव झालं. उरलेल्या दोन ओळी किरकोळ होत्या.

आता दोष. जुन्या आणि नव्या भिंतीच्या सांध्यावर वरपासून खालपर्यंत उभी चीर आली होती. कंत्राटदाराचं म्हणणं, प्लास्टर वाळताना येतेच. आमचं म्हणणं, पाया खचलाय. याच भीतीने आम्ही शेवटचं बिल अडवलं होतं. इंजिनिअरांनी चीर मोजायची पारदर्शक पट्टी लावून रुंदी तीन ठिकाणी नोंदवली आणि चिरेवर आडवी काचेची पातळ चिप दोन्ही टोकांना चिकटवून ठेवली. भिंत हलत राहिली तर काच तडकते. काही आठवड्यांनी पाहिलं तर काच शाबूत. पाया खचत असता तर भिंतीत सहसा तिरकी, विटांच्या सांध्यांवरून पायऱ्यापायऱ्यांनी जाणारी चीर दिसली असती, ही तर सरळ उभी होती. जुनं घर कधीच बसून स्थिर झालेलं, नवं बांधकाम सुरुवातीला थोडं बसणारच. दोघांवरून एकसंध प्लास्टर ओढलं की ते सांध्यावर फाटणार. तिथे मुद्दाम फट ठेवून लवचीक सीलंट भरायला हवं होतं. म्हणजे दोष कंत्राटदाराचा, पण पट्टी कापून सीलंट भरण्याइतका. घर पडण्याइतका नाही.

बाथरूमच्या बाहेरच्या ओलीबाबतही तेच. जाळी बंद करून इंचभर पाणी तुंबवलं, पातळीची खूण केली, शेजारी पाण्याने भरलेलं घमेलं ठेवलं, हवेत उडून किती जातं ते कळावं म्हणून. दोन दिवसांनी फरशीवरचं पाणी घमेल्याइतकंच उतरलं होतं. जमीन गळत नव्हती. मग भिंतीतल्या पाइपलाइनला पंपाने दाब दिला तर काटा खाली येऊ लागला. सांधा सैल होता. तिकडे कंत्राटदार वॉटरप्रूफिंगवाल्यावर ओरडत होता आणि आम्ही कंत्राटदारावर.

आमच्या यादीतले काही मुद्दे त्यांनी सरळ खोडले. स्लॅबचे टेकू दहा दिवसांनी काढले ही आमची तक्रार होती. बारा फुटांच्या गाळ्याला, उबदार हवेत आणि साध्या सिमेंटला तेवढे पुरतात, असं कारण देऊन ती काढून टाकली. स्लॅबवर हातोड्याची चाचणी घ्या म्हणून मी हट्ट धरला होता, तो स्प्रिंगचा हातोडा ज्याची उसळी मोजतात. त्यांनी घेतली, पण अहवालात लिहिलं की हा आकडा पृष्ठभागाच्या कडकपणाचा आहे, त्यावरून काँक्रीटची ताकद छातीठोक सांगता येत नाही. सगळीकडे आकडे एकसारखे आले, म्हणजे वरच्या थरात कुठे पोकळ किंवा कच्चा भाग आढळला नाही, इतकाच त्याचा अर्थ. आपल्याच चाचणीची मर्यादा लिहून देणारा तज्ज्ञ मी फार कमी पाहिलाय.

तक्रारी माझ्याही आहेत. अहवाल सांगितलेल्या तारखेच्या बराच नंतर आला. आणि आला तो असा, की कंत्राटदाराने मला फोन करून विचारलं, "ताई, हे सहावं पान काय म्हणतंय?" ज्या दोघांसाठी लिहिलाय त्या दोघांनाही कळू नये इतका तो जड. कोष्टकं उत्तम, मजकूर दगड. दुसरं, फरशीखाली आणि भिंतीत काय आहे हे ते फोडल्याशिवाय सांगत नाहीत, आणि फोडायचं तर खर्च वेगळा. हे योग्यच आहे, पण बोलावण्याआधी स्पष्ट सांगायला हवं. तिसरं, उशिराच्या वादाला ते हात लावत नाहीत. आमचं म्हणणं, काम महिनोनमहिने लांबलं. त्याचं म्हणणं, टाइल्स ठरेपर्यंत त्याचे मजूर बसून होते. करारात पूर्ण करायची तारीखच नव्हती, त्यामुळे इंजिनिअरांनी तो रकाना कोरा सोडला. शेवटी दोघांनीही तो दावा सोडला, तो त्यांच्यामुळे नव्हे, कंटाळ्यामुळे.

आणखी एक. त्यांचा अहवाल दोघांवर बंधनकारक आहे की नुसतं मत आहे, हे आधीच्या संमतीपत्रात ठरवावं लागतं. त्यांच्या छापील नमुन्यात ती ओळ रिकामी असते. आम्ही 'मोजमाप बंधनकारक, दोषांबाबत मत' असं लिहिलं होतं, म्हणून निभावलं. रिकामी सोडलीत तर फी देऊन आणखी एक कागद मिळेल.

कंत्राटदाराबद्दलही दोन शब्द, नाहीतर एकतर्फी होईल. त्याची बांधणी चांगली आहे. कोपरे काटकोनात आहेत, प्लास्टरवर आठवडाभर नेमाने पाणी मारलं होतं, सळईखाली कव्हर ब्लॉक (सळई साच्याला टेकू नये म्हणून ठेवायचे ठोकळे) होते, हे मी स्वतः बघितलं. हिशेब मात्र त्याच्या डोक्यात असतो, आणि डोक्यातला हिशेब बिलावर येईपर्यंत वाढतो. अहवालानंतर त्याने सांधा कापून भरला, पाइप दुरुस्त केला. आम्ही ठरलेली रक्कम दिली, त्यातले पाच टक्के एक पावसाळा जाईपर्यंत मागे ठेवले. तेही इंजिनिअरांनीच सुचवलं आणि कंत्राटदाराने कुरकुरत मान्य केलं.

ही सेवा कोणी घ्यावी? ज्यांचं बिल अडलंय आणि बोलणं अजून बंद झालेलं नाही त्यांनी. दोघांपैकी एकजण संमतीपत्रावर सही करत नसेल तर उपयोग नाही, मग वकीलच गाठा. अगदी छोट्या कामाला फी जड जाईल. आम्ही वरच्या मजल्याचं काम काढणार आहोत तेव्हा हेच कंत्राटदार आणि हेच इंजिनिअर ठेवणार आहोत. फरक इतकाच की इंजिनिअर खड्डे बुजवायच्या आणि स्लॅब ओतायच्या आधी येतील, आणि छज्जा कसा मोजायचा ते करारात आकृती काढून लिहिलेलं असेल. कंत्राटदाराने आकृतीचा कागद मागवून घेतलाय, सही अजून व्हायची आहे.