फॉलिक्युलर लिम्फोमाचे रुग्ण किती? ‘सीअर’च्या फुकट आकडेसेवेचं परीक्षण

अमेरिकेत फॉलिक्युलर लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा एक संथ वाढणारा कर्करोग, किती जणांना आहे, या प्रश्नाचं उत्तर ‘सीअर’चं संकेतस्थळ क्षणात देतं आणि बहुतेक जण ते चुकीचं वाचतात. दोष सगळा वाचणाऱ्याचा नाही. वरच्या भागात ठळकपणे दिसतो तो ‘वर्षाला नवे रुग्ण किती’ याचा दर. ‘आज किती जण हा आजार घेऊन जगताहेत’ हा प्रश्न वेगळा आणि त्याचं उत्तरही वेगळं. स्तनाच्या किंवा फुप्फुसाच्या कर्करोगातही हा फरक असतोच, पण फॉलिक्युलर लिम्फोमासारख्या संथ आजारात तो इतका मोठा होतो की एका आकड्यावरून दुसऱ्याचा अंदाज बांधणं म्हणजे वर्षभरातल्या जन्मांवरून गावची लोकसंख्या काढण्यासारखं.

आधी सेवेची ओळख. ‘सीअर’ हा अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटचा कर्करोग नोंदणी कार्यक्रम, १९७३ पासून चालू असलेला. संपूर्ण देश त्यात येत नाही. ठरावीक राज्यं आणि भागांतल्या नोंदणी केंद्रांची माहिती एकत्र केली जाते आणि आता ती लोकसंख्येच्या जवळपास निम्म्या भागाला व्यापते. पैसे लागत नाहीत. ‘स्टॅट फॅक्ट्स’ची तयार पानं आणि ‘सीअर एक्सप्लोरर’ हे आलेखांचं साधन, दोन्हींना नावनोंदणी नको. ‘सीअर स्टॅट’ या संगणकप्रणालीतून मूळ नोंदींपर्यंत जाता येतं, पण त्यासाठी खातं उघडून वापराच्या अटी मान्य कराव्या लागतात.

फॉलिक्युलरचं ‘स्टॅट फॅक्ट्स’ पान उघडलं की नव्या रुग्णांचा दर दिसतो : लाखामागे वर्षाला साधारण २.६. आवृत्तीगणिक दशांशात थोडा फरक पडतो. निदानानंतर पाच वर्षांचा सापेक्ष (म्हणजे त्याच वयाच्या सर्वसामान्य लोकांच्या तुलनेतला) जगण्याचा दर ९० टक्क्यांच्या आसपास. शेजारच्या पानावर डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा या वेगाने वाढणाऱ्या प्रकाराचा दर साडेपाचच्या घरात आणि जगण्याचं प्रमाण ६५ टक्क्यांच्या जवळ. हे दोन्ही ज्या मोठ्या गटात येतात ते सगळे नॉन-हॉजकिन लिम्फोमा मिळून साडेअठराच्या आसपास.

आता पहिली चूक. लोक २.६ घेतात, अमेरिकेची लोकसंख्या ३३ कोटी, म्हणजे ३,३०० लाख धरतात, गुणाकार करतात आणि ‘वर्षाला साडेआठ हजार रुग्ण’ असं ठोकून देतात. हा दर वयानुसार समायोजित असतो. म्हणजे २००० सालच्या अमेरिकेची वयरचना आजही तशीच असती तर काय दर आला असता, ते तो सांगतो. आजची अमेरिका त्याहून म्हातारी आहे आणि या आजाराचं निदान होतं ते मुख्यतः साठी-सत्तरीत. त्यामुळे खरी रुग्णसंख्या गुणाकारापेक्षा बरीच जास्त निघते. समायोजित दर दोन वर्षांची किंवा दोन गटांची तुलना करण्यासाठी असतो, माणसं मोजण्यासाठी नाही. मोजायची असतील तर प्रत्येक वयोगटाचा दर वेगळा घ्यायचा, त्या गटाच्या लोकसंख्येने गुणायचा आणि मग बेरीज करायची. एक्सप्लोररमध्ये तुलना ‘वयानुसार’ निवडली की वयोगटांचे दर मिळतात. बाकी काम स्प्रेडशीटचं.

दुसरी चूक अधिक महागात पडते. हयात रुग्णसंख्या, ज्याला डॉक्टर मंडळी प्रिव्हलन्स म्हणतात, ती ढोबळमानाने नव्या रुग्णांचा दर गुणिले आजारासोबतची सरासरी वर्षं. वर्षाला लाखात २.६ नवे आणि सरासरी १५ वर्षं जगणं धरलं, तर कोणत्याही दिवशी लाखात ३९ जण. हाच हिशेब ‘पाच वर्षांच्या आत निदान झालेले’ एवढ्यापुरता केला तर २.६ गुणिले ५, म्हणजे १३, आणि मृत्यू वजा जाता आणखी कमी. एकाच देशातला एकच आजार, पण उत्तरांत तिपटीचा फरक. म्हणून प्रिव्हलन्सचा आकडा दिसला की आधी मुदत बघावी : पाच वर्षं, दहा वर्षं की ‘पूर्ण’. ‘सीअर’ हा भेद स्पष्ट लिहितं, हे त्याचं मोठं बलस्थान. पण ‘पूर्ण’ आकड्यात कधीकाळी निदान झालेला आणि अजून जिवंत असलेला प्रत्येक जण येतो. उपचार चालू असलेले, नुसत्या निरीक्षणाखाली असलेले आणि वर्षानुवर्षं काही त्रास नसलेले, सगळे एका पोत्यात. औषधाची मागणी ठरवायला हा आकडा कुचकामी.

उपप्रकारांचा वाटा काढताना आणखी एक गंमत दिसते. पाठ्यपुस्तकं सांगतात की पाश्चात्त्य देशांत नॉन-हॉजकिनपैकी २० टक्के किंवा त्याहून जास्त फॉलिक्युलर असतो. ‘सीअर’च्याच दोन पानांवरून २.६ भागिले १८.६ केलं तर १४ टक्के येतात. कारणं छेदात सापडतात. काही निदानं ‘लिम्फोमा, प्रकार अनिर्दिष्ट’ अशी नोंदली जातात. ती एकूण बेरजेत मोजली जातात, कुठल्याच उपप्रकारात नाही. शिवाय क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्यूकेमिया आणि स्मॉल लिम्फोसायटिक लिम्फोमा ही जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात एकच व्याधी आहे, पण ‘सीअर’ची गटवारी ती फोडते : रक्त-मज्जेतली असेल तर ल्यूकेमियात, गाठीतली असेल तर लिम्फोमात. मृत्यूंच्या कोष्टकातही हीच कटकट. मृत्यूच्या दाखल्यावर नुसतं ‘लिम्फोमा’ लिहिलेलं असतं, त्यामुळे उपप्रकारांचे मृत्युदर नव्या रुग्णांच्या दराइतके भरवशाचे नसतात.

रूपांतराचा नियमही माहीत हवा. फॉलिक्युलर पुढे डिफ्यूज लार्ज बी-सेलमध्ये बदलू शकतो. २०१० पासूनच्या अमेरिकी नियमांनुसार हा बदल मूळ निदानानंतर २१ दिवसांहून उशिरा दिसला तर तो नवा कर्करोग म्हणून वेगळा नोंदवतात. आंतरराष्ट्रीय नियमांत दोन्ही बी-पेशींच्या एकाच गटात मोडतात, म्हणून नोंद एकच. त्यामुळे अमेरिकी आकडे युरोपच्या शेजारी ठेवायचे असतील तर कोणत्या नियमाने मोजलंय ते आधी तपासावं.

पर्यायांकडे वळू. ल्योंच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचं ‘कॅन्सर टुडे’ १८५ देशांचे अंदाज देतं. दिसायला सगळ्यात देखणं, नकाशे झकास. पण फॉलिक्युलर विचाराल तर तिथे तो कप्पाच नाही. आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातले सी८२ ते सी८६ आणि सी९६ हे सगळे संकेतांक ‘नॉन-हॉजकिन’ या एका नावाखाली. वय समायोजित करायला धरलेली त्याची प्रमाण लोकसंख्याही वेगळी. त्यांच्या ‘जागतिक’ लोकसंख्येत ६५ वर्षांपुढचे जेमतेम ७ टक्के आहेत, तर अमेरिकेच्या २००० सालच्या प्रमाणात साडेबारा टक्क्यांहून जास्त. म्हणून अमेरिकेचाच नॉन-हॉजकिनचा दर तिथे बराच खाली दिसतो. आजार कमी झाला नाही, फूटपट्टी बदलली. प्रिव्हलन्सही तिथे पाच वर्षांपर्यंतच, म्हणजे संथ लिम्फोमांवर उघड अन्याय.

उपप्रकारांसाठी सर्वांत नेमकं साधन आहे ब्रिटनचं. यॉर्क विद्यापीठाचं ‘एचएमआरएन’ हे रक्ताच्या कर्करोगांचं संशोधन जाळं २००४ पासून चालू आहे. व्याप्ती जेमतेम ४० लाख लोकसंख्येची, यॉर्कशर आणि आसपासचा भाग. पण तिथली निदानं लीड्समधल्या एकाच प्रयोगशाळेत होतात. एकच सूक्ष्मदर्शक-संस्कृती, एकच वर्गीकरण, म्हणून ‘प्रकार अनिर्दिष्ट’चा गाळ फार कमी. हे दर ब्रिटनच्या लोकसंख्येला लावून देशाचे अंदाज काढतात. फॉलिक्युलरचे नवे रुग्ण वर्षाला दोन हजारांच्या वर येतात. प्रिव्हलन्स दहा वर्षांचाही मिळतो. दुर्मिळ प्रकारांत मात्र लोकसंख्या तोकडी पडते आणि विश्वासमर्यादा, म्हणजे आकड्यातल्या अनिश्चिततेचा पट्टा, रुंदावतात. व्याप्ती हवी तर ‘सीअर’, निदानाची शुद्धता हवी तर यॉर्क.

भारतासाठी असं साधन शोधणाऱ्यांनी अपेक्षा आवराव्यात. मुंबईची नोंदणी १९६३ पासूनची, बार्शीची ग्रामीण नोंदणी १९८७ पासूनची, दोन्ही मोलाच्या. पण राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाच्या लोकसंख्या-आधारित केंद्रांखाली देशाचा सुमारे दहावा हिस्साच येतो. ल्योंच्याच संस्थेच्या ‘ग्लोबोकॅन’ या अंदाजमालिकेने २०२० साठी भारतात नॉन-हॉजकिनचे ३५ हजारांवर नवे रुग्ण अंदाजले, तेही उपप्रकारांशिवाय. टाटा मेमोरिअलच्या २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नॉन-हॉजकिनपैकी १२-१३ टक्के फॉलिक्युलर होते. ते रुग्णालयात आलेल्यांचं प्रमाण आहे. त्यावरून ‘भारतात एवढे टक्के’ असं लिहिणारे लेख सर्रास सापडतात. ते बाजूला ठेवावेत.

‘सीअर’ वापरताना काही बारीक गोष्टी. १६ पेक्षा कमी रुग्ण असलेल्या कप्प्यात आकडा दिसत नाही. तो शून्य समजू नये. अगदी अलीकडच्या वर्षांच्या नोंदी उशिरा येत राहतात, म्हणून आलेखाचं शेपूट खाली वळलेलं दिसतं. ‘विलंब-समायोजित’ पर्याय निवडावा. २०२० मधली घट ही टाळेबंदीत निदानंच न झाल्याची आहे आणि कलाची रेषा काढताना ते वर्ष वगळलं जातं. न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियातल्या मराठी कुटुंबांना स्वतःच्या गटाचा दर हवा असेल तर निराशा होईल : एक्सप्लोररमध्ये भारतीय वंशाचे लोक ‘आशियाई आणि पॅसिफिक बेटांवरील’ या कप्प्यात चिनी, फिलिपिनो, जपानी मंडळींसोबत बसवले आहेत. या एका गोष्टीसाठी, आणि हयात रुग्णांऐवजी नव्या रुग्णांचा दर पुढे ठेवल्याबद्दल, पाचपैकी एक तारा कापला आहे.