‘खिलौना’ पाहावा की ‘एंगिरुंदो वंदाळ’?

तमिळ येत नसेल आणि दोन्हींपैकी एकच पाहायचा असेल, तर ‘खिलौना’ पाहा. उत्तर आधीच देऊन टाकते, कारण पुढे ‘एंगिरुंदो वंदाळ’बद्दल जे लिहिणार आहे ते वाचून तुमचं मन तिकडे वळू शकतं. वळलं तर मला आनंदच होईल.

दोन्ही चित्रपट १९७० चे. हिंदी आधी आला आणि त्याच वर्षी दिवाळीला त्याचा तमिळ रिमेक. गोष्ट मात्र त्याहून जुनी. गुलशन नंदा यांच्या ‘पत्थर के होंठ’ या कादंबरीवर १९६३ साली तेलुगूत ‘पुनर्जन्म’ निघाला, अक्किनेनी नागेश्वर राव यांचा. मग एल. व्ही. प्रसाद यांनी ती हिंदीत आणली. हिंदी, तमिळ आणि तेलुगू या तिन्ही भाषांतल्या पहिल्या बोलपटांत काम केलेला हा माणूस. कुठली गोष्ट कुठल्या भाषेत चालेल हे त्यांना नेमकं कळायचं. तमिळमध्ये ती के. बालाजी यांनी केली. हिंदीतलं यश उचलून तमिळमध्ये आणण्यात बालाजींचा हातखंडा होता. पुढे ‘दुश्मन’चा ‘नीदी’, ‘डॉन’चा ‘बिल्ला’ आणि ‘दीवार’चा ‘ती’ त्यांनीच काढला.

कथा थोडक्यात अशी. मोठ्या घरातला कवी मनाचा मुलगा. प्रेयसीचं लग्न दुसऱ्याशी होतं, ती त्याच्या डोळ्यांदेखत जीव देते आणि तो वेडा होतो. तो बरा व्हावा म्हणून घरचे कोठ्यावरच्या एका मुलीला पैसे देऊन त्याची ‘बायको’ म्हणून घरात आणतात. घराला ती हवी असते ती मुलगा बरा होईपर्यंतच. पुढचं सांगत नाही.

‘खिलौना’ खरा त्या मुलीचा, चांदचा आहे. मुमताजने ही भूमिका अशी केली आहे की नायक वेडा असला तरी आपला जीव तिच्यासाठी वर-खाली होतो. सुरुवातीला ती या घरात पाहुणीसारखी अंग चोरून वावरते. हळूहळू नोकरचाकर, सासू, नणंद, दीर सगळ्यांशी तिचं नातं जुळत जातं, आणि त्याच वेळी हे नातं आपलं नाही हेही तिला पक्कं ठाऊक असतं. मुमताजला तोवर बहुतेक नाचगाण्यांसाठी आणि मारधाडीच्या चित्रपटांसाठी ओळखत. या भूमिकेसाठी तिला फिल्मफेअरचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला आणि ‘खिलौना’ त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला. दोन्ही पुरस्कार योग्य जागी गेले असं माझं ठाम मत आहे.

मराठी प्रेक्षकाला या घरात ओळखीची माणसंही भेटतात. आईच्या भूमिकेत दुर्गा खोटे आहेत. मुलाच्या वेडापुढे हतबल झालेली आणि परक्या मुलीवर माया करावी की नाही या पेचात सापडलेली आई त्यांनी आवाज न चढवता उभी केली आहे. थोरल्या भावाच्या भूमिकेत रमेश देव. मराठीत त्यांना नायक म्हणून पाहिलेल्यांना इथला कपटी किशोर चांगलाच खटकेल, आणि तो खटकावा असाच केला आहे. धाकटा भाऊ जितेंद्र, खलनायक तरुण शत्रुघ्न सिन्हा. घर भरलेलं आहे, आणि कौटुंबिक चित्रपटाला ते लागतंच.

आता तमिळकडे वळू. ए. सी. तिरुलोकचंदर यांचा चित्रपट, त्यात शिवाजी गणेशन आणि जयललिता. एक वर्ष आधीच या दिग्दर्शकाने शिवाजींना ‘दैव मगन’मध्ये तिहेरी भूमिका दिली होती, आणि तो चित्रपट भारतातर्फे ऑस्करला गेला होता. इथेही कॅमेरा शिवाजींवरून हटत नाही. शिवाजींच्या नावाचा आपल्याशी धागा आहे: तमिळ नेते आणि लेखक अण्णादुराई यांच्या नाटकात शिवाजी महाराजांची भूमिका केल्यावर समाजसुधारक पेरियार यांनी त्यांना हे नाव दिलं. मूळचे ते रंगभूमीचे, आणि ते कधीही लपत नाही.

खरी तुलना इथेच आहे. ‘खिलौना’चा नायक संजीव कुमारही नाटकातूनच आला, पण त्याचं वेड आत वळलेलं आहे. तो एकदम गप्प होतो तेव्हा आरडाओरड्यापेक्षा जास्त भीती वाटते. समोरच्याचं बोलणं ऐकताना नजर कुठेतरी निसटते आणि पुन्हा परत येते, तेवढ्यावरच कळतं की हा माणूस इथे नाही. शिवाजींचं वेड बाहेर सांडतं: भुवया, ओठ, बोटं, खांदे, सगळं बोलतं. हसता हसता रडणं आणि रडता रडता थबकणं ते एका दमात करतात. आजच्या डोळ्यांना हे जास्त वाटेल. पण तमिळ मेलोड्रामात अभिनय झाकायचा नसतो, तो उघड मांडायचा असतो, आणि त्या रीतीत शिवाजींना तोड नाही. त्यांच्या वयाची अडचण मात्र जाणवते. संजीव कुमार तिशी नुकती ओलांडलेला, शिवाजी बेचाळिशीचे. प्रेमात पोळलेला तरुण कवी म्हणून पहिला लगेच पटतो, दुसऱ्याला आपण आपल्या बाजूने थोडी सूट देतो.

जयललिता तेव्हा बावीस वर्षांच्या होत्या. काम नेटकं आणि नृत्याचं अंग पक्कं, पण पटकथाच नायकाकडे झुकलेली असल्याने मुमताजला मिळालेला अवकाश त्यांना मिळत नाही. मला हे खटकतं, कारण गोष्टीचा कणा ती मुलगीच आहे.

गाण्यांत मात्र निवड सोपी नाही. ‘खिलौना’त लक्ष्मीकांत-प्यारेलाल आणि आनंद बक्षी, रफींचं ‘खिलौना जानकर तुम तो’ आणि लताबाईंचं ‘सनम तू बेवफा के नाम से’. तमिळमध्ये एम. एस. विश्वनाथन यांनी हिंदी चाली उचललेल्या नाहीत, कण्णदासन यांच्या शब्दांना स्वतःच्या चाली दिल्या. टी. एम. सौंदरराजन यांचं ‘ओरे पाडल उन्नै अळैक्कुम’ ऐका. शब्द कळले नाहीत तरी हाक कळते. सौंदरराजन ज्या नटासाठी गात, त्याच्या ढंगाने गात. या गाण्यात गायक कुठे संपतो आणि शिवाजी कुठे सुरू होतात ते सांगता येत नाही.

एक गोष्ट बसण्याआधी ठरवा, विशेषतः घरात मुलं बरोबर असतील तर. वेडाच्या भरात नायक त्या मुलीवर बळजबरी करतो आणि तिला दिवस जातात. गोष्ट याकडे नशिबाचा खेळ म्हणून पाहते, गुन्हा म्हणून पाहत नाही. त्या काळातली पटकथा म्हणून समजून घेता येतं, पण मला ते आजही पचत नाही. ‘खिलौना’त निदान चांदच्या अपमानाला आवाज आहे, म्हणून तिथे ते थोडं सुसह्य होतं.

तेव्हा कुटुंबाची गोष्ट हवी असेल, सासू-सून-दीर या नात्यांचे ताण पाहायचे असतील, तर ‘खिलौना’. अभिनय कसा केला जातो याचं कुतूहल असेल, किंवा शिवाजी गणेशन हे नाव नुसतं ऐकून असाल, तर ‘एंगिरुंदो वंदाळ’. दोन्ही पाहणार असाल तर हिंदी आधी पाहा. कथा ठाऊक असली की तमिळ चित्रपट सबटायटल्सशिवायही समजतो आणि लक्ष चेहऱ्यांवर राहतं. आणि ही जोडी आवडली तर पुढची पायरी ‘नवरात्री’ आणि ‘नया दिन नई रात’: शिवाजींनी १९६४ मध्ये केलेल्या नऊ भूमिका संजीव कुमारने दहा वर्षांनी हिंदीत केल्या.