गिटार घूं करत असेल तर नौपाड्यातल्या काकांना दाखवा

माझी इलेक्ट्रिक गिटार स्ट्रॅट (फेंडर स्ट्रॅटोकास्टर) टाइप, तीन सिंगल कॉइल पिकअपवाली (पिकअप म्हणजे तारांचं कंपन पकडणारं चुंबक आणि कॉइल). अँप चालू केला की घूंSSS सुरू, गेन वाढवला की गाणं कमी आणि घूं जास्त. तारांना हात लावून काही फरक नाही पण केबल लावतो त्या जॅकच्या पट्टीला बोट टेकलं की एकदम कमी. एका दुकानात दाखवली तर गिटार न उघडताच सांगितलं पिकअप बदला, सात-आठ हजार होतील. मग बँडमधल्या मित्राने नौपाड्यातल्या काकांकडे पाठवलं. काका घरूनच काम करतात, नाव-नंबर नेटवर टाकू नको म्हणाले म्हणून टाकत नाही, ठाण्यात इलेक्ट्रिक वाजवणाऱ्या कोणालाही विचारा, पत्ता मिळेल.

जॅक आणि बोटाचं ऐकूनच म्हणाले, ब्रिजची (तारा बॉडीवर जिथे अडकवतात तो धातूचा भाग) अर्थ गेलीय. मल्टीमीटर बीपवर ठेवला, एक पिन जॅकच्या स्लीव्हला (अर्थच्या बाजूला), दुसरी ब्रिजला, बीप नाही. मागचं कव्हर काढलं, स्प्रिंग जिला अडकवतात त्या क्लॉवर काळ्या वायरचं सोल्डर वरून मस्त गोल चकचकीत दिसत होतं, काकांनी चिमट्याने नुसतं ढकललं तर अख्खा गोळा वायरसकट निघून हातात. ड्राय सोल्डर. क्लॉ जाड असते, सगळी हीट खाते, छोट्या सोल्डरिंग आयर्नने ती तापतच नाही आणि सोल्डर वरच्यावर बसतं. काकांनी ती जागा कानशीने घासून चकचकीत केली, मोठं आयर्न काढलं, आधी क्लॉवर सोल्डर पसरवलं आणि मग वायर बसवली. मीटर लावला, बीप! खरंच सांगतो, इतका आनंद झाला मला.

मी म्हटलं आता उघडलीच आहे तर शिल्डिंग पण करा, म्हणजे बाहेरचा घूं आत येऊ नये म्हणून आतून धातूचं अस्तर. आत सगळीकडे कॉपर टेप, आणि टेपचा गोंद करंट नेईलच याचा भरवसा नाही म्हणून प्रत्येक जोडावर सोल्डरचा ठिपका. टेप कडेवर थोडी वर आणली, म्हणजे पिकगार्डच्या (पुढच्या प्लास्टिक प्लेटच्या) मागच्या फॉइलला टेकते. पॉट (व्हॉल्यूम-टोनच्या नॉबखालचे) २५०के ओहमचे होते, सिंगल कॉइलला बरोबर आहेत, उगाच बदलू नको म्हणाले. विकायचंच असतं तर तेही विकलं असतं ना!

आणि काकांनी आधीच स्पष्ट सांगितलं की सिंगल कॉइल शंभर टक्के गप्प होणार नाही. ट्रान्सफॉर्मर, ट्यूबलाइटचा चोक यांचं ५० हर्ट्झचं मॅग्नेटिक फील्ड कॉपर टेपने अडत नाही. माझ्या गिटारीत मधला पिकअप उलटा गुंडाळलेला आहे, त्यामुळे पिकअप निवडायचा सिलेक्टर दोन आणि चारवर ठेवला, म्हणजे मधला आणि शेजारचा एकत्र चालले, की तेही जातं, एक-तीन-पाचवर थोडं राहतंच, तसंच आहे आता, बेडरूममध्ये चालून जातं.

सगळ्यात महत्त्वाचं, गिटार हातात देण्याआधी विचारलं की घरच्या सॉकेटला अर्थिंग आहे का. कारण आता तारा थेट अँपच्या अर्थला जोडल्यात, सॉकेटला अर्थ नसेल आणि अँप लीक असेल तर २३० व्होल्टचा झटका तारांमधून आपल्या हातात. जुन्या बिल्डिंगमध्ये राहणाऱ्यांनी इलेक्ट्रिशियनकडून चेक करून घ्याच, आणि घूं कमी होतो म्हणून अँपची तिसरी पिन तोडणारे पण बघितलेत मी, प्लीज असलं काही करू नका.

तक्रार एकच, वेळ. फोन उचलत नाहीत आणि उद्या म्हणजे उद्याच असं नसतं, शो तोंडावर असेल तर नका देऊ. अर्थ आणि शिल्डिंग मिळून ९०० रुपये घेतले, टेप धरून. पाचपैकी साडेचार. जाताना स्वतःची केबल घेऊन जा, आधी ती चेक करतात, बऱ्याचदा प्रॉब्लेम तिच्यातच निघतो म्हणे आणि त्याचे पैसे घेत नाहीत.